ठुमकीला पोचवून आले

आमच्या ओळखीतली माणसं चारधामला जाऊन येतात, दुबईला जाऊन येतात आणि आल्यावर महिनाभर शेजाऱ्यांना मोबाइलवर फोटो दाखवत बसतात. मी पारशिवनीला जाऊन आले. आम्ही राहतो बेशाला, म्हणजे नागपूरच्या एका टोकाला, आणि पारशिवनी दुसऱ्या टोकाबाहेर. सकाळी निघालं तर संध्याकाळच्या चहाला परत येता येईल इतकंच अंतर. यात लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण जाताना गाडीत आम्ही दोघी होतो आणि येताना मी एकटी होते, म्हणून लिहिते आहे.

दुसरी म्हणजे ठुमकी. बदामी रंगाची, उभ्या कानांची गावठी कुत्री. रिंग रोडवर तिला ट्रकनं उडवलं होतं. जनावरांसाठी धावपळ करणाऱ्या काही मुलींनी तिला उचललं, मागचा एक पाय कापावा लागला, आणि "काकू, टाके सुकेपर्यंत ठेवा, तोवर आम्ही हिला घर शोधतो" असं म्हणून त्या तिला आमच्या फ्लॅटमध्ये सोडून गेल्या. मी नाही म्हणत होते, पण त्याआधीच आमचे हे हो म्हणून बसले होते. टाके सुकले, पावसाळा गेला, दिवाळी गेली, घर काही सापडेना. तीन पायांवर ठुमकत चालते म्हणून यांनी तिचं नाव ठुमकी ठेवलं. मी तिला "अगं ए" म्हणायची. नावानं हाक मारायला लागलं की जनावर आपलं होऊन बसतं, आणि मला ते नको होतं.

यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. तिथून घरी आणलं की हे पिळून काढलेल्या कपड्यासारखे पडून राहायचे, आणि ही बया पलंगाखालून निघून थेट पलंगावर. मी ओरडायची. दोघंही माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघायचे की जणू मीच घरात उपरी.

मग यांची धाकटी बहीण, आमच्या मालूवन्सं, किडनी द्यायला तयार झाल्या. तपासण्या जुळल्या. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि डॉक्टरांनी फाइल मिटता मिटता विचारलं, घरात काही प्राणी वगैरे? नवी किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून अंगातली जंतूंशी लढायची ताकद औषधं देऊन मुद्दाम कमी करतात. अशा माणसाजवळ कुत्रं नको, निदान तुमच्या बाबतीत मी परवानगी देणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. हे घरी येईपर्यंत रिक्षातून बाहेर बघत बसले.

ऑपरेशनच्या आत तिला घर मिळायला हवं होतं, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. "तिला कुणाच्या दारात नुसतं सोडून येऊ नको," हे म्हणाले. "आपलं म्हणेल असं कुणी बघ." एरवी हे मला भाजी आणायची असली तरी चार सूचना देतात. या वेळी तेवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

महाल

शनिवारी मालूवन्सं यांच्यापाशी थांबल्या आणि मी ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी घेऊन निघाले. पहिला मुक्काम महाल. महालात माझा मामेभाऊ विनायक राहतो. खाली त्याचं भांड्यांचं दुकान, वर घर. दुकानाच्या राखणीला कुत्रं हवं असं तो कधीचा म्हणत होता. यांनी त्याला ठुमकीचा फोटो पाठवला, त्यानं लगेच आंगठा पाठवला. माझ्या माहेरच्या गल्लीत ती राहणार म्हणून मीही खूश होते. अधूनमधून जाऊन बघता आलं असतं.

गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून मोठ्या रस्त्यावर उतरून चालत गेलो. दर दोन दुकानांना कुणी ना कुणी थांबून "अरेरे, बिचारी" म्हणत होतं. ठुमकीला वाटत होतं की तिचं कौतुकच चाललंय. ती शेपूट हलवत, नवरीच्या तोऱ्यात चालली होती.

विनायकनं कोपऱ्यावरच्या गाडीवरून तर्री पोहे आणून ठेवले होते. त्याची बायको शुभा जिन्यावरून खाली आली आणि अर्ध्यातच थांबली.

"अगं बाई! ताई, हिला तर तीनच पाय आहेत!"

"हो. सांगितलं नव्हतं का?" मी म्हटलं.

विनायकनं मोबाइल काढून फोटो पाहिला आणि माझ्यासमोर धरला. फोटोत ठुमकी छान ऐटीत बसली होती. पुढचे दोन पाय समोर, मागचं सगळं बुडाखाली. आमच्या यांनी मुद्दाम बसलेलीचाच फोटो काढून पाठवला होता, हे मला तेव्हा कळलं. मला हसू आलं. जन्मभर हिशेब तपासत आलेला हा माणूस, दुसऱ्याची चूक कधी सोडली नाही, आणि कुत्रीसाठी लबाडी करून बसला.

"तसं नाही ताई," विनायक खाली बघत म्हणाला, "पण दुकानासमोर असं लंगडं जनावर... गिऱ्हाईक काय म्हणेल? चोर तर हसूनच राहतील."

"आधी काहून नाही सांगितलं पण?" शुभा म्हणाली. तिचंही काही चुकत नव्हतं. मी तर्रीत बुडवलेले पोहे संपवले, बशी स्वतः धुऊन ठेवली, आणि उठले. माहेरी आल्यावर बशी धुऊन ठेवणं म्हणजे काय ते विनायकला बरोबर समजलं. तो गाडीपर्यंत पोचवायला आला.

गाडीत बसून यांना फोन लावला. मी रागानं बोलायच्या आत हेच म्हणाले, "नाही म्हणाले ना? मला वाटलंच. आता नामदेवरावांकडे ने. त्यांना मी कालच कळवून ठेवलंय."

पारशिवनीच्या वाटेवर

नामदेवराव म्हणजे डायलिसिसच्या वेळी यांच्या शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ. पारशिवनीच्या पुढं त्यांचं गाव, थोडी शेती. पहाटेच्या गाडीनं येतात आणि अंधार पडल्यावर परत जातात. दोघांचे हात मशीनला बांधलेले, तासन्‌तास दुसरं काम नाही, म्हणून यांनी त्यांना ठुमकीच्या कहाण्या सांगितल्या आणि त्यांनी यांना हरभरा किती आला ते. "आमच्याकडे द्या पाठवून," असं नामदेवराव पहिल्यापासून म्हणत होते. मीच ते मनावर घेत नव्हते. माणूस भला आहे, पण स्वतःच त्या मशीनवर जगतोय. अशाच्या गळ्यात आणखी एक जीव कुठे बांधायचा, असं मला वाटे. आता दुसरं दार उरलं नव्हतं.

कामठी मागे पडली, कन्हानचा पूल गेला, आणि ठुमकीनं माझ्या मांडीवर सगळा नाश्ता ओकून टाकला. ड्रायव्हर भला होता. त्यानं गाडी कडेला घेऊन पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "काकू, माझी बायकोही घाटात असंच करते." मी रस्त्याच्या कडेला उभी राहून साडी धूत होते. ठुमकी अपराधी चेहरा करून माझ्या पायाशी बसली. मी तिला रागावणार होते, पण हात तिच्या डोक्यावरच गेला.

मोठा रस्ता सोडून आत वळलं की हवाच बदलते. पौषातलं ऊन, कालव्याच्या दोन्ही अंगांना गहू, त्यापलीकडे शेंगांनी लगडलेली तूर. लांब निळसर रेघ दिसते ती पेंचच्या जंगलाची. आमच्या बेशालाही दहा-बारा वर्षांपूर्वी अशीच तूर उभी असायची, आता तिथं आमच्यासारख्यांचे फ्लॅट उभे आहेत. ठुमकीनं खिडकीतून नाक बाहेर काढलं. इतका वास तिला एकदम कधी मिळाला नसेल.

गावात

नामदेवरावांचं घर गावाच्या अगदी शेवटाला. पुढे सिमेंटची पडवी, मागे कवेलूंचं छप्पर, आणि अंगणाभोवती नवीकोरी तारेची जाळी. ते काठी टेकत फाटकापाशी आले. दवाखान्याच्या चादरीत पाहिलेला माणूस स्वतःच्या अंगणात केवढा तरी उंच वाटला.

"या वहिनी, या. हेच काय आमची ठुमकी? अनंतभाऊच्या तोंडून आयकून आयकून आमी तं इले कधीचेच वयखतो." ते वाकले, तिला हात हुंगू दिला आणि मगच तिच्या मानेला खाजवलं.

त्यांची बायको कौसल्याबाई चुलीपुढून उठून आल्या. काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोलणं मोजकं. मला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. कुत्रीकडे बघितलंसुद्धा नाही.

"बांधा तिकडे, बंडीपाशी," एवढंच म्हणाल्या.

ठुमकी बैलबंडीखाली जाऊन बसली ती बसलीच. अनोळखी वास, जाळीबाहेर जमून भुंकणारी गावातली कुत्री, सगळ्यानं तिचा जीव दडपून गेला होता. कौसल्याबाईंनी ताकात भाकर कुस्करून आणली, पातेलं लांबूनच काठीनं तिच्याकडे सरकवलं आणि आत गेल्या. घरी आम्ही तिला पाकिटातलं खाणं वाटीनं मोजून घालायचो आणि ती नाकं मुरडायची. इथे तिनं त्या पातेल्याकडे बघितलंही नाही.

ती रुळेपर्यंत रात्रभर थांबावं म्हणून मी गाडी परत पाठवून दिली. दिवेलागणीला आमची पानं वाढली. वांग्याचं भरीत, त्यावर कच्ची कांद्याची पात, ज्वारीची भाकर, लाल मिरचीचा ठेचा. मी दोन भाकरी खाल्ल्या, हे कबूल करायला लाज वाटत नाही. नामदेवरावांच्या ताटात मात्र अळणी भाजी. पाण्यालाही त्यांना बंधन, दिवसाला अमुकच. मी तांब्या तोंडाला लावला तेव्हा ते माझ्याकडे टक लावून बघत होते. आमचे हेही असेच बघतात. मी तांब्या खाली ठेवला.

"प्या वहिनी, प्या," ते हसून म्हणाले. "तुमी पेल्या का मलेच थंड वाटते."

मी जाळीचा विषय काढला. रानडुकरांसाठी का, म्हणून विचारलं.

कौसल्याबाई तव्यावरची भाकर उलटत म्हणाल्या, "बिबट येते ना ताई. आमच्याकडे काळ्या होता. मांगच्या हिवाळ्यात ह्याच आंगनातून नेला. म्या बाजेवरून पाह्यलं. एकदाच केकाटला, बस. तवाच म्या यायले सांगतलं, आता घरात जनावर आनाचं नाई. भाकर घालाची, जीव लावाचा, अन् मंग रडत बसाचं. कोनी सांगतलं?"

बिबट्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. तीन पायांची कुत्री, जी बागेतल्या मांजरापुढेही पळू शकत नाही, तिला मी बिबट्याच्या दारात आणून बांधली होती. यांनाही हे माहीत होतं का? की इथेही बसलेलीचाच फोटो?

"म्हनूनच तं जाळी मारली," नामदेवराव म्हणाले. "अन् हे बाहेर नाई निजाची. घरात निजन, माह्या बाजेखाली."

कौसल्याबाईंनी भाकर विस्तवावर टाकली, ती टम्म फुगली. ठुमकीला सकाळी उचलायचं आणि घरी परतायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढचं पुढे.

रविवार

सकाळी उठून पडवीत आले तर नामदेवराव भिंतीला टेकून बाजेवर ऊन घेत पडले होते. आदल्या दिवशी पाव्हण्यांच्या नादात दमले होते, चेहरा सुजलेला दिसत होता. रात्री दोरी सोडून ठुमकीला आत घेतलं होतं, पण दार उघडताच ती परत बंडीखाली जाऊन बसली होती, पातेलं तसंच भरलेलं. आणि आता ती बंडीखालून निघून, अंग चोरत, एक एक पाऊल टाकत बाजेकडे चालली होती.

डायलिसिसवाल्यांच्या हातात एक शीर दुसरीला जोडून फुगवलेली असते, मशीनच्या सुईसाठी. तिथे बोट ठेवलं तर आतून सारखी घरघर लागते. कान लावला तर ऐकूही येते. ठुमकीला यांच्या हाताचा तो आवाज फार प्रिय. त्या हातावर वजन पडू द्यायचं नसतं, म्हणून मी तिला किती वेळा हुसकावलं असेल. पण ही हाताला न टेकता, अगदी जवळ कान नेऊन पडून राहायची, आणि त्याशिवाय तिला झोप लागत नसे.

तिनं नामदेवरावांचा हात हुंगला. एकदा, दोनदा. मग पुढचे दोन पाय बाजेवर टेकून, कान त्या हाताजवळ नेऊन थांबली. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले. नामदेवरावांनी श्वासही हळू घेतला. मी खांबाला धरून उभी राहिले. ती आमची राहिली नाही हे मला तिथे समजलं, आणि खरं सांगते, आनंद नाही झाला. हेवा वाटला.

कौसल्याबाई विहिरीवर गेल्या होत्या. मी बाजेपाशी बसले आणि जे मनात सलत होतं ते विचारून टाकलं. "नामदेवराव, राग मानू नका. तुमची स्वतःची तब्येत अशी. तुमच्यानंतर हिचं काय?"

त्यांना राग आला नाही. फाटकाकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "म्या माह्यासाठी नाई मांगतली वहिनी. कौसल्याची किडनी जुळली नाई. पोरीची मी घेत नाई, तिची लेकरं लहान हायेत. अनंतभाऊचं नशीब चांगलं, बहीन भेटली. माह्यं मशीनवर किती दिवस चालन ते मले बी माहीत हाय. मी पहाटे बसमधी बसलो का अंधार पडेस्तोवर हे बाई एकटीच राह्यते. काळ्या गेला तवापासून कोनाशी धड बोलत नाई. मी गेलो तं दार लावून बसन, दोन दोन दिवस चूल पेटवनार नाई. घरात भाकर मांगनारं कोनी पाह्यजे ना? म्हनून म्हटलं, मी हावो तोवरच सवय लागली पाह्यजे."

"त्यांना माहीत आहे हे?"

"तिले कायले सांगू? सांगतलं तं आत्ताच हाकलून देईन."

ठुमकीला परत न्यायचा माझा बेत तिथेच बारगळला. हे म्हणाले होते, आपलं म्हणेल असं कुणी बघ. पण जिनं म्हणायला हवं, तिनं तर अजून कुत्रीला हातही लावला नव्हता.

दुपारी जेवून निघाले. गाडी आदल्याच दिवशी परत पाठवली होती, म्हणून एस्टीनं जायचं होतं. गळ्यातला पट्टा आणि त्याची लांब दोरी मी ठुमकीसाठी तिथेच ठेवणार होते. पट्ट्यावर यांनी आमचा फोन नंबर कोरून घेतला होता. नामदेवरावांनी तो तिच्या गळ्यातून सोडवला, दोरीची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात ठेवला.

"दोर घेऊन जा वहिनी. ढोर दुसऱ्याच्या घरी गेलं तरी दोर त्याच्यासंगं देत नाई आमी. दोर गेला का त्या घरची बरकत जाते. नवा दोर नव्या घरचाच पाह्यजे."

"अहो, पण हरवली तर? त्यावर नंबर आहे."

"नंबर माह्यापाशी हाय. तुमच्या घरी आता मोठं काम हाय. दोर घरी राहू द्या."

बरकतबिरकत मी मानत नाही. पण ऑपरेशन तोंडावर आलेलं. मी मुकाट्यानं दोर हातात घेतला. ठुमकी बाजेखाली झोपली होती, तिला उठवलं नाही. कौसल्याबाई फाटकापर्यंत आल्या, मला कुंकू लावलं, ओटीत हरभरा घातला. मी मागे न बघता निघाले.

बसचा थांबा गावाबाहेर, तुरीच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर. निम्म्या वाटेवर पाठीमागे ओळखीचा आवाज आला. दोन पावलं आणि एक उडी, दोन पावलं आणि एक उडी. वळून बघते तर ठुमकी, जीभ बाहेर काढून, डोळे चमकवत येतेय. जवळ आली, माझ्यासमोर बसली, आणि मान पुढे केली.

माझ्या हातात दोरी दिसली की फिरायला जायचं, असं आम्हीच तिला शिकवलेलं. रोज संध्याकाळी मी दोरी उचलायची आणि ही येऊन मान पुढे करायची. गाईबैलांसाठी बसवलेला रिवाज, त्यांना दोर कुणी उचलून नेला याचं काय सोयरसुतक? कुत्रीच्या लेखी मात्र मी तिला सोडून चालले नव्हते, फिरायला बोलावत होते.

मी रस्त्यावर खाली बसले आणि रडले. तोंडात पदर कोंबून नाही, चांगली मोठ्यानं. "ठुमके, ठुमके गं" म्हणून तिला कवटाळलं. ती माझं तोंड चाटत होती आणि मधूनच मान पुढे करत होती, की बाई, बांध ना पट्टा. मला वाटलं, बांधावाच. येईल त्या बसमध्ये तिला घेऊन चढावं. डॉक्टरांचं बघून घेऊ, मी तिला गच्चीवर ठेवीन, जिन्यात ठेवीन. पट्टा तिच्या गळ्याभोवती नेलाही होता.

तेवढ्यात कौसल्याबाई धावत आल्या. पायात चप्पल नाही, पदर सुटलेला, छाती भात्यासारखी चाललेली. आम्हाला पाहून त्या जागीच थबकल्या.

"इथी हाय वं तू! मले वाटलं तुरीत घुसली. तिकडेच बसून राह्यते तो मुर्दाड बिबट. फाटक म्याच उघडं टाकलं, ताई, म्याच..." मग त्यांनी ठुमकीला असं काही झापायला सुरुवात केली की बस! "कुठी चालली होती वं भवाने? तीन तंगड्या अन् गावभर हिंडाची हौस! जीव गेला असता ना माह्या!" शिव्या देता देता रडत होत्या. ठुमकी कान पाडून ऐकत होती.

जरा वेळानं त्या माझ्याशेजारी टेकल्या.

"मले काय समजत नाई का ताई," त्या म्हणाल्या, "हे कायच्यासाठी आनून राह्यले इले? चांगलं समजते. म्हनून तं म्या हात लावत नव्हती. हात लावला म्हंजे मंग मान्यच केल्यावानी झालं ना, का हे आता ऱ्हात नाई म्हनून."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. यांना किडनी मिळणार आणि नामदेवरावांना नाही, याची मला त्या वेळी फार लाज वाटली, जशी काही आम्ही ती त्यांच्या ताटातून उचलली होती.

"यायले सांगू नका बरं, मले समजलं म्हनून," त्या म्हणाल्या. मग आपल्या जुनेर लुगड्याचा काठ दातात धरून टर्रकन फाडला. लांब पट्टी निघाली. ठुमकीला जवळ ओढलं, मान कुशीत घेतली, आणि ती पट्टी गळ्यात दोन वेढे देऊन बांधली. फार आवळली तर नाही ना, म्हणून बोट घालून पाहिलं. "चाल वं घरी. कालपासून उपाशी हाय तू."

ठुमकी माझ्याकडे बघत होती. मी पट्टा पिशवीत, हरभऱ्याखाली, खोल कोंबला आणि तिच्याकडे पाठ करून थांब्यावर जाऊन उभी राहिले. कौसल्याबाईंनी दोनदा ओढून पाहिलं, ती हलेना. तेव्हा त्यांनी ओढणं सोडलं आणि पट्टीचं टोक मनगटाला गुंडाळून रस्त्याच्या कडेला तिच्याशेजारी बसून राहिल्या. बस आली. खिडकीतून दिसत होतं तोवर दोघी तशाच बसलेल्या होत्या.

सोमवार, नागपूर

रविवारी रात्री घरी आले तर मालूवन्संनी फिनेलनं सगळं घर धुऊन काढलं होतं. यांनी विचारलं, "जेवली?" मी म्हटलं, "जेवेल." मग सगळं सांगितलं, नामदेवरावांनी का मागितली ते आणि कौसल्याबाईंनी काय सांगितलं ते एवढं मात्र सोडून. दोघांची गुपितं मी कुठल्या तोंडानं फोडणार?

सोमवारी डायलिसिसला गेलो तेव्हा नामदेवराव बाहेरच्या बाकावर आधीच येऊन बसलेले. अंगात जाड काळा स्वेटर, कानाला मफलर. हे त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"रातच्याले जेवली बरं का अनंतभाऊ," ते खुशीत म्हणाले. "कौसल्यानं चुलीपाशी पोतं टाकून देल्लं. सकायी मी निघालो तं दोघीबी फाटकापाशी उभ्या. कौसल्या तिच्यासंगं बोलून राह्यली होती. काय बोलून राह्यली होती, काय माहीत."

हे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी हात पुढे केला आणि नामदेवरावांच्या स्वेटरवरचा एक केस उचलला. बदामी, आखूड केस. मग बाहीवरचा आणखी एक. मग खांद्यावरचा, सगळे मुठीत. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोस्ताच्या अंगावरचा कचरा काढताहेत. नामदेवरावांनी बाही थोडी यांच्याकडे सरकवली आणि दुसरीकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी जनावराच्या केसांपासून जपायला सांगितलं होतं. हातावर ओतायची जंतुनाशकाची बाटली मी पिशवीतून काढली होती, ती परत ठेवून दिली. नर्सनं वजनासाठी यांचं नाव पुकारलं. हे उठले, चपला काढल्या, आणि मूठ तशीच मिटलेली ठेवून काट्यावर उभे राहिले.